कटरे सरांची लाईन

आमच्या गावात लाईन जाते, लाईन येते, बँकेपुढे लागते, पोरं ती पोरींवर मारतात, आणि एखादा पोरगा वाया जायला निघाला की घरचे त्याला लाईनीवर आणतात. पावसाळ्यात बाया धान लाईनीत रोवतात. अर्जुनीवरून जाणारी रेल्वे रुंद रुळांची होऊन जमाना झाला, तरी म्हातारी माणसं तिला अजून 'छोटी लाईन'च म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द इकडे आणून सोडला तो बहुधा रूळ टाकताना. पुढे तो आपल्या मर्जीने गावभर हिंडला आणि ज्याला जसा लागला तसा त्याने घरात घेतला. मी इंग्रजीची शिक्षिका, असल्या गोष्टींकडे माझं लक्ष जायला हवं. पण खरं सांगते, या शब्दाकडे माझं लक्ष कोशामुळे गेलं नाही, कटरे सरांमुळे गेलं.

गाव केशोरीच्या वाटेवर आहे एवढंच लिहिते. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक वाचतात आणि वाचलं की फोन करतात.

झनकलाल कटरे आमच्या शाळेत पी.टी. शिकवत. उंच, काटक माणूस. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. हाताला कायम फक्की लागलेली, म्हणजे मैदानावर रेघा ओढायची ती पांढरी भुकटी. त्यामुळे सर कुठे कुठे जाऊन आले हे शाळेत सगळ्यांना कळायचं. खुर्चीच्या पाठीवर पांढरी बोटं, पाण्याच्या माठावर पांढरी बोटं, हेडसरांच्या नव्या कपाटावर तर अख्खा पंजा. हेडसर वैतागायचे, पण पुसायला कोणी जायचं नाही.

मी नागपूरहून तिथे रुजू झाले त्या सकाळची गोष्ट. प्रार्थना सुरू व्हायची होती. मी आपली व्हरांड्यात, सावलीत, नवी साडी सांभाळत उभी. हे गृहस्थ समोर आले.

"नव्या मॅडम काय जी?"

"हो."

"लाईनीत या मंग."

मला वाटलं, यांनी मला मोठ्या वर्गातली मुलगी समजलं की काय. मी जरा ताठ्यातच म्हटलं, "मी शिक्षिका आहे."

"म्हनूनच तं म्हनून राहिलो. पोट्ट्यायनं कोनाकडे पाहून लाईन लावाची?"

असा राग आला होता! नागपुरात कोणी मला असं बोललं नव्हतं. पण सगळी शाळा बघत होती, म्हणून गेले आणि उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. मग माझी नोकरी संपेपर्यंत रोज तिथेच उभी राहत गेले.

सरांना बोलण्यासाठी फार शब्द लागत नसत. एका लाईनीत त्यांचं सगळं भागायचं. पोराला ताप असला तर "याची तब्येत लाईनीवर नाई, घरी धाडा." पंखा थांबला तर "गेली." काय गेली ते सांगायची गरजच नाही. हेडसरांचं भाषण लांबलं की माझ्या कानाशी येऊन, "आता ही लाईन अर्जुनीपावतर जाते." कोणी खोटं बोललं तर ते 'खोटं बोलला' असं म्हणत नसत, "लाईन सोडली त्यानं," असं म्हणत, आणि ते अशा आवाजात की त्या माणसाला दोन फटके परवडले असते. मला एकदा फार आपुलकीने म्हणाले, "मॅडम, तुमची लाईन बेस आहे. दिवसभर सावलीत."

एकदा मी आठवीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला की रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी शब्द घ्या आणि आपल्या घरी, शेतात, बाजारात तो कोणत्या कोणत्या अर्थाने वापरतात ते लिहून आणा. मुलांनी लाईनच घेतली. कोणी विजेची आणली, कोणी धंद्याची, गवंड्याच्या पोराने विटांची आणली. फोनवर "लाईनवर राहा" म्हणतात ती एकीने आणली, आणि मागच्या बाकावरच्या दोघांनी जी आणायची तीच आणली. एका मुलीने मात्र कोऱ्या पानावर एवढंच लिहिलं होतं: 'लाईन म्हणजे कटरे सर.' याला गुण काय द्यायचे ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी पूर्ण दिले. सरांना ते पान दाखवलं, तर त्यांनी ते दूर धरून वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यावरही पांढरी बोटं उमटली.

त्या मागच्या बाकावरच्यांपैकी एक पुढे दहावीत एका मुलीला चिठ्ठी देताना सापडला. चिठ्ठीत इंग्रजी होतं म्हणून ती माझ्याकडे आली. इंग्रजी इतकं वाईट होतं की मुलीचा बाप रागावला असता तर त्या व्याकरणावरच रागावला असता. हेडसर पोराच्या घरी निरोप धाडायला निघाले. कटरे सरांनी अडवलं. "माह्या हवाली करा." आणि पोराच्या हातात फक्कीचा डबा दिला. "लाईन माराची लय हौस आहे नं बाबू? मार." स्पोर्ट्स येईपर्यंत अख्खं मैदान त्या पोराने आखलं. रोज वाकडी यायची, रोज सर बुटाने पुसायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." शेवटी एक दिवस सिधी आली. तो पोरगा आज गवंडीकामाचे ठेके घेतो आणि ती मुलगी त्याची बायको आहे. लग्नाची पहिली पत्रिका त्याने सरांना नेऊन दिली होती.

या रेघा म्हणजे सरांचा प्राण. इतर शाळांत दोन खुंट्या ठोकतात, दोरी ताणतात आणि तिच्या आधाराने फक्की टाकतात. सर दोरी लावत नसत. तुपाचा जुना डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, वर तारेचा कान. मैदानाच्या त्या टोकाला एखादं झाड, खांब, काहीतरी नजरेत धरायचं आणि डबा हलवत चालत सुटायचं. मागे बारीक, एकसारखी पांढरी रेघ पडत यायची. "दोरी नवशिक्यायची," म्हणायचे. आता माणसाला थोडासा गर्व असतोच, आणि सरांचा सगळा गर्व या एका गोष्टीत होता.

दोरी त्यांच्याकडे होती, पण ती सहलीसाठी. एका वर्षी आम्ही मुलांना कचारगडला नेलं. गुहेपर्यंत जंगलातून चढण, यात्रेचे दिवस नव्हते तरी गर्दी बरीच. सरांनी पिशवीतून लांब दोरी काढली, तिला गाठी मारल्या आणि एकेका गाठीला एकेक पोर लावलं. मला ते पाहवेना.

"सर, ही काय गुरं आहेत?"

"गुरं असती तं दोरी नसती लागली. गुरं सांजच्याले आपल्या घरी येतेत."

गुहेत अंधार होता, पोरं किंचाळून प्रतिध्वनी काढत होती. सर पुढे दोरीचं टोक धरून. मध्येच थांबले, दोरी जरा ओढून पाहिली आणि म्हणाले, "हलकी झाली. कोनतरी सुटलं." मागे न बघताच. जाऊन पाहिलं तर पाचवीतली एक मुलगी गाठ सोडून खडकावर बसली होती आणि वरची वटवाघळं बघत होती. सर रागावले नाहीत. तिच्या शेजारी बसले, तिच्याबरोबर वटवाघळं पाहिली आणि मग तिला गाठीला लावलं. त्या दिवसापासून मी दोरीबद्दल काही बोलले नाही.

सर निवृत्त झाले, पण सकाळची फक्की सुटली नाही. आमच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे मैदानावर पळतात. सर त्यांच्यासाठी ट्रॅक आखत, वेळ लावत, गोळा टाकताना पाय रेघेवर पडला की ओरडत. पैसे घेत नसत. घरी धानाची दोन एकर बांधी, मुलगा गोंदियात नोकरीला, पोटापुरतं होतं. त्या पोरींत पल्लवी मडावी नावाची एक होती, चिवट आणि तोंडाने फटकळ. सरांची तिच्यावर मर्जी होती. "हे पोट्टी वर्दी घालनार," म्हणायचे.

मी मैदानाच्या कडेलाच राहायला. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसले की सगळं दिसायचं. तीन-चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी सर डबा घेऊन चालत गेले आणि मागे पडलेली रेघ सरळ जाता जाता निंबाच्या झाडाकडे वळली. थोडी नाही, चांगली वळली. सर टोकाला पोचले, मागे वळून पाहिलं आणि समाधानाने डबा खाली ठेवला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पल्लवीने तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या पोराने तिच्या दंडाला चिमटा घेतला. तिने तोंड मिटलं. शिट्टी वाजली आणि सगळी पोरं त्या वाकड्या रेघेवरून, जिथे वळायचं नव्हतं तिथे वळत, पळाली.

त्या दिवशी मी देवकाबाईंकडे गेले. देवकाबाई म्हणजे सरांची बायको. घरात दोघं पोवारीत बोलत, माझ्याशी मराठीत. त्या अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी डोळ्यांबद्दल विचारलं तशा त्या रडायलाच लागल्या. काचबिंदू होता. सर गोंदियाला एकटेच जाऊन आले होते. डॉक्टर हिंदीत म्हणाला होता, "चाचाजी, जो गया वो वापस नहीं आएगा. जो है उसको संभालो." थेंब दिले होते. कडेचं दिसणं गेलं होतं, नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरलं होतं. पुढचा माणूस दिसे, त्याने बाजूने पुढे केलेला हात दिसत नसे.

"कोनाले सांगू नका म्हनतेत," देवकाबाई म्हणाल्या. "म्हनतेत, डोरे गेले म्हनले तं डबा काहाडून घेतीन माह्या हातातला."

आता आमच्या झाडीपट्टीतली माणसं कशी, तर तोंडावर बोलणारी. पहिल्या भेटीत मला एका बाईने विचारलं होतं, "तुमी इतक्या जाड्या काऊन वो?" असं हे गाव. पण कटरे सरांच्या बाबतीत सगळ्या गावाची वाचा बसली. कोणी कोणाला सांगितलं नाही, बैठक झाली नाही, पण ठरून गेलं. सर ट्रॅक आखून चहाला घरी गेले की पोरं घाईघाईने वाकडा भाग पायाने पुसायची आणि मुठीने नवी फक्की टाकून रेघ नीट करायची. सर परत आले की त्यावरून पळायची. सरांना काही कळायचं नाही, किंवा आम्हाला तसं वाटायचं. मी पायरीवरून बघायची. मला ते फार सुंदर वाटायचं, आणि त्यात काही चूक आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

मग पुढची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, दंडार नाचतात, रात्री नाटक असतं आणि दिवसा कबड्डी. आमच्या मंडईत कबड्डीचे पंच कटरे सरच. आजूबाजूची गावं त्याच अटीवर खेळायला येत. भांडण लागलं की सरांची एकच पद्धत होती. ते खाली बसायचे, रेघेवर बोट ठेवायचे आणि फक्की कुठे फिसकटली ते दाखवायचे. पाय पडला तर फक्कीवर दिसणारच. "फक्कीले सोयरे नसतेत," असं म्हणून उठायचे, की भांडण संपलं.

त्या वर्षी मैदान सरांनीच आखलं, सकाळी. दुपारी ते जेवायला गेल्यावर ग्रामपंचायतीच्या पोरांनी ते पुन्हा आखलं. शेवटचा सामना आमच्या गावाचा आणि देवरीकडून आलेल्या चिचगडच्या पोरांचा. बरोबरीत चालला होता. शेवटच्या चढाईला चिचगडचा गडी आला, आमच्या पोराने त्याला कडेला पकडला, दोघं आपटले. धरण्याआधी आमच्या पोराचा पाय रेघेबाहेर गेला होता. तिकडच्या बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. सरांची नजर चढाईवाल्यावर होती. त्यांनी शिट्टी मारली आणि आमच्या बाजूने हात वर केला.

गाव उसळलं. ढोल सुरू झाले. चिचगडची पोरं पुढे धावली, आता होणार मारामारी असं वाटलं. पण त्यांचा कप्तान मध्ये आला, पोरांना मागे सारलं आणि म्हणाला, "कटरे सर म्हनतेत तं झालं. चला." आणि हात मिळवायला पुढे आला. त्याने हात बाजूने पुढे केला होता. सरांना तो दिसला नाही.

हात तसाच राहिला. सर थांबले. कप्तानाच्या त्या बोलण्यातून त्यांना काय जाणवलं कोण जाणे, ढोलाच्या आवाजात ते कडेच्या रेघेपर्यंत चालत गेले आणि नेहमीसारखे खाली बसले. पण या वेळी नुसतं बोट ठेवलं नाही. तळवा ठेवला आणि रेघ चाचपत गेले. टाचेने फक्की जिथे पार बाहेर ओढली गेली होती तिथे हात थांबला. मग त्यांनी हात पुन्हा मागे नेला, जिथे कोणाचा पाय पडला नव्हता तिथे, आणि चिमटीत फक्की घेऊन बराच वेळ चोळली. मला वाटलं, यांना चक्कर आली.

ते उठले, माईकवाल्यापाशी गेले. ढोल बंद करायला लावले.

"माले लाईन दिसली नाई," ते म्हणाले. "माह्या डोऱ्याले दिसत नाई. पॉईंट चिचगडवाल्यायचा. आपन हारलो." एवढं बोलून गळ्यातली शिट्टी काढली, माईकवाल्याच्या टेबलावर ठेवली आणि घराकडे निघाले. लोक बाजूला होत गेले. वाटेत एका खुर्चीला अडखळले, पण कोणाला हात धरू दिला नाही.

मी मागोमाग गेले. वाटत होतं, हरल्याचं, डोळ्यांचं दुःख असेल. ते खाटेवर बसले होते. देवकाबाई पाणी घेऊन उभ्या.

"सर, तुम्ही केलं ते फार मोठं..." मी सुरू केलं.

"ते लाईन माही नव्हती, मॅडम."

मी खाटेजवळ सरकले.

"डब्याची फक्की बारीक पडते. ते मुठीनं टाकलेली होती. जाडी." त्यांनी चिमूट अजून सोडली नव्हती. "म्हंजे माही वाकडी आलती. म्हंजे तुमाले मालूम होतं. गावाले मालूम होतं. कवापासून?"

मी सांगितलं.

"आनि ते पोट्टे वाकड्या लाईनीवर पराले?" त्यांचा आवाज चढला. सरांचा असा रागाने चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "भरतीची तयारी करून राहिले ते! अन् एकानं नाई म्हनलं, सर वाकडी आहे म्हनून? माले आंधरा तं देवानं केलं. तुमी लोकायनं येडा केलं."

देवकाबाई त्यांच्याशी पोवारीत हळूहळू काही बोलत राहिल्या. सरांनी भिंतीकडे तोंड केलं. मला त्या वेळी असं वाटलं की आम्ही त्यांच्यावर जेवढी माया केली तेवढी सगळी त्यांना लागली होती, आणि ती परत घ्यायची सोय नव्हती.

त्यानंतर सर मैदानावर येईनात. डबा अंगणात तुळशीजवळ पालथा पडलेला. पोरं आपल्या आपण पळायची, मन लागायचं नाही. गावातले मोठे लोक जाऊन आले. सरपंच जाऊन आले, "सर, तुमचा सत्कार करू," म्हणाले. सरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी रोज संध्याकाळी जायची, पेपर वाचून दाखवायची. ते ऐकायचे, पण लाईन हा शब्द त्यांच्या तोंडातून नाहीसा झाला होता. वीज गेली तरी नुसते गप्प बसायचे. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली.

एका संध्याकाळी मी पेपर वाचत असताना पल्लवी आली. चपला न काढता अंगणातच उभी राहिली आणि लांबूनच ओरडली, "सर, तुमी येता की नाई?"

"कायले? वाकड्या माराले?"

"होय. वाकडीच येत होती तुमची," ती म्हणाली. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, पण ती माझ्याकडे बघेल तर ना. "निंबाकडे जात होती. माहं टायमिंग बिगडलं त्याच्यानं. पह्यल्याच दिवशी सांगनार होती, याय लोकायनं चिमटा घेतला."

सर उठून बसले. "किती जात होती?"

"हे इतकी." तिने दोन्ही हात पसरून दाखवलं, मग ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात आलं तशी जवळ आली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि तेवढ्या अंतरावर ठेवले. "इतकी."

सर स्वतःच्या हातांमधल्या त्या अंतराकडे बघत राहिले. "बापा," ते म्हणाले. "इतकी तं पाचवीचा पोट्टा बी नाई मारत." आणि हसले. मंडईनंतर पहिल्यांदा हसले. देवकाबाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.

"उद्या या," पल्लवी म्हणाली. "दोरी धरतो आमी दोघी-तिघी."

दोरी म्हटल्याबरोबर सरांचं हसू गेलं. पल्लवी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मीही पेपर घडी करून निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा मागून सरांचा आवाज आला. ते देवकाबाईंना विचारत होते, कचारगडची दोरी कुठे ठेवली.

या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. सामान आधीच नागपूरला गेलं होतं. निघायच्या सकाळी पिशवी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यावर अर्जुनीच्या बसची वाट बघत उभी राहिले. मैदानावर दोरी ताणलेली होती, गाठींची तीच जुनी दोरी. एका टोकाला पल्लवी, दुसऱ्या टोकाला दुसरी एक मुलगी. सर डावा हात दोरीवर ठेवून, उजव्या हाताने डबा हलवत सावकाश येत होते. गाठ आली की हात अडायचा, ते ती ओलांडायचे आणि पुढे. मागे बारीक पांढरी रेघ पडत होती. दुसऱ्या टोकाच्या मुलीचा हात दुखला असावा, कारण मध्येच दोरी सैल झाली आणि रेघ पोट काढून पुढे गेली.

सर टोकाला पोचले. "कशी आहे?"

"चालते जी सर," एक पोरगा म्हणाला.

"वाकडी," पल्लवी म्हणाली.

सरांनी मान वळवली, जिथे बस थांबते त्या दिशेला. मी तिथे असणार हे त्यांना माहीत होतं.

"मॅडम, बस आली नाई नं अजून? तुमी सांगा."

मी पिशवी खाली ठेवली आणि नीट पाहिलं. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या जोरात म्हटलं.

"वाकडी आहे, सर. निंबासमोर."

"हां!" सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. दोरी चाचपत ते मागे आले, निंबासमोर थांबले आणि बुटाने रेघ पुसायला लागले. बस आली, कंडक्टर घाई करायला लागला. मी चढले, खिडकीशी बसले. बस वळली तेव्हा सर वाकून डब्यात फक्की भरत होते आणि ओरडत होते, "ताना वो पोट्ट्याहो, पुन्हा मारतो!"